येतो म्हणू नये

१

लोणावळ्याच्या लोकोशेडमध्ये बावीस वर्षं काढलेल्या माणसाला यंत्र कसं चालवावं हे कुणी शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. घाटात विजेची इंजिनं आली आणि आम्हा कोळशावाल्यांना साहेबानं घरी बसवलं, तरी ते मत बदललं नाही. म्हणून आंबीच्या माळावर बोअरिंगच्या यंत्रावर ड्रायव्हर लागलो आणि चौथ्याच महिन्यात कामावर देखरेख करणाऱ्या महिपती मिस्त्रीनं माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच इंजिनापुढच्या पत्र्यावर, चुन्यानं हातभर अक्षरं काढली, तेव्हा ते मला फार झोंबलं.

‘यंत्रावर येतो म्हणू नये.’

काम तसं सरळ होतं. मुंबईच्या कुणा शेठना माळावर आजाऱ्यांसाठी आरोग्यधाम बांधायचं होतं आणि त्याला पाणी हवं होतं. त्यासाठी तीन सागवानी वाशांची उंच तिवई उभी केलेली आणि तिच्याखाली जमिनीत नऊ इंची भोक. पंचवीस मणांची लोखंडी पहार दोराला बांधून त्या भोकात सोडायची. माझ्या इंजिनाला जोडलेली तुळई वर गेली की पहार वर, तुळई खाली आली की पहार धाडकन खाली. दिवसभर नुसतं धप् धप्. तासा-दीड तासानं यंत्र थांबवायचं, पहार ओढून तोंडाच्या वर टांगायची, आणि एकानं भोकाच्या तोंडाशी वाकून साचलेला चिखल नि खपल्या हातानं काढायच्या. तो बाजूला झाला की मी दांडा ओढायचा, की पुन्हा वाफ सुटून यंत्र चालू.

खपल्या उडून ड्रायव्हरच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून इंजिन आणि तोंड यांच्यामध्ये मोठा पत्रा ठोकला होता. त्यामुळे तोंडाशी काय चाललंय ते मला दिसत नसे, नुसतं ऐकू येई.

तोंडावरचं काम नवशा करायचा. भाज्याच्या वरच्या वाडीतला, चाळिशीचा, कमी बोलणारा गडी. त्याची बायको गंगी इंजिनाला नदीवरून पाणी आणायची. पौषातल्या एका दुपारी मी पत्र्याआडून हाक दिली, ‘झालं का रे नवशा?’ तो म्हणाला, ‘येतो.’ मी दांडा ओढला.

कुणाच्या घरून उठताना आपण येतो म्हणतो. मला वाटलं, गडी निघाला, बाजूला झाला. त्याला म्हणायचं होतं, थांबा, आत्ता येतो. पहार खाली आली तेव्हा तो वाकलेलाच होता.

पुण्याहून चौकशीला साहेब आला. मी सांगितलं ते महिपतीनंही सांगितलं, कारण येतो हा शब्द त्यानंही लांबून ऐकला होता. साहेबानं कारकुनाकडून तो शब्द दोनदा समजून घेतला, मान हलवली आणि लिहिलं की चूक शब्दाची आहे. माझ्यावर काहीच आलं नाही. मी घरी जाऊन जेवलो आणि झोपलो सुद्धा.

२

नवशाच्या जागी त्याचा धाकटा भाऊ बारकू आला. तीस-बत्तीसचा, भावासारखाच सडपातळ, पण बोलका. माझ्यावर त्याचा राग नव्हता. उलट पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘दस्तगीरभाई, शब्दाचा घोटाळा झाला, त्याला तुमी काय करनार? त्याचं भरलं व्हतं.’ हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मी म्हटलं, ‘कामाला लाग.’

आता नवी पद्धत होती. मी ‘बाहेर?’ असं विचारायचं. बारकूनं तोंडापासून उठून, दहा पावलं चालून पत्र्यापाशी यायचं, ‘भायेर!’ असं ओरडायचं आणि पत्र्यावर दगडानं दोन ठोके मारायचे. ठोके पडले की तो पत्र्याला खेटून उभा आहे हे पक्कं. मगच दांडा. महिपतीनं हे सगळं आम्हाला शाळामास्तरासारखं तीनदा म्हणून दाखवलं. मला हसू येत होतं, पण पद्धत चांगली होती हे कबूल करायला हवं. कानाला फसवता येतं, ठोके कसे फसवणार?

पत्र्यावरची अक्षरं बारकूला वाचता येत नव्हती. त्यानं मला विचारलं, ‘काय लिवलंय?’

मी वाचून दाखवलं. तो अक्षरांकडं बघत म्हणाला, ‘दादाला सवय व्हती. कायबी इचारा, येतो म्हनायचा.’

दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. भोक नव्वद फुटांवर गेलं. खाली काळा खडक लागला होता, पहार त्यावर आदळली की जमीन पायाखाली थरथरायची.

मग माघ संपता संपता, एका सकाळी, मी विचारलं, ‘बाहेर?’

‘भायेर!’ दोन ठोके.

मी दांड्याला हात घातला, आणि पत्र्यापलीकडून, पण पत्र्यापासून लांबून, कुणीतरी म्हणालं, ‘येतो.’

३

मी दांडा सोडून पत्र्याला वळसा घालून गेलो. बारकू पत्र्याला पाठ लावून उभा होता. तोंडाशी कुणी नव्हतं. पहार टांगलेली, दोर ताठ, खाली चिखलाचा ढीग.

‘थट्टा करायला दुसरी जागा मिळाली नाही का तुला?’ मी म्हणालो. ‘सख्ख्या भावाची आठवण तरी ठेव.’

‘म्या काय केलं?’

‘येतो कोण म्हणालं?’

बारकूचा चेहरा उतरला. ‘मला वाटलं तुमीच म्हनला,’ तो म्हणाला.

मला त्याचा संशय आला आणि त्याला माझा. दोघांनीही तो बोलून दाखवला नाही. मी मागं गेलो, दांडा ओढला, आणि दुपारपर्यंत यंत्र धप् धप् करत राहिलं.

त्यानंतर रोज एकदा तरी. कधी ठोक्यांच्या आधी, कधी नंतर. आवाज मोठा नसायचा. हातात काम असलेला माणूस मान वर न करता बोलतो तसा. मी डोकं चालवलं. माळावर आवाज लांबून येतात, नदीपलीकडून गुराखी ओरडला तरी कानाशी ओरडल्यासारखा वाटतो. किंवा भोकात लोखंडी पाइप बसवला आहे, तो घुमत असेल. लोकोशेडमध्ये रिकाम्या बॉयलरमध्ये खोकलं तर सगळ्या शेडला ऐकू जायचं. बावीस वर्षं यंत्रांत गेलेल्या माणसाला घुमणं म्हणजे काय ते सांगायला नको.

म्हणून एका दुपारी बारकू भाकरी खायला गेल्यावर मी तोंडाशी गेलो, गुडघे टेकले आणि पाइपात तोंड घालून म्हणालो, ‘येतो.’

काहीच घुमलं नाही. घुमणार कसं? भोक वरपर्यंत पाण्यानं आणि चिखलानं भरलेलं होतं, हातभर खाली चिखल चकाकत होता. माझा शब्द त्यात गेला आणि संपला. नऊ इंचांच्या त्या भोकात माणूस सोडा, मांजरही धड मावलं नसतं. मी चटकन उठलो, गुडघ्याची माती झटकली आणि स्वतःलाच एक शिवी घातली.

मागं गंगी उभी होती, डोक्यावर हंडा. तिनं मला शब्द म्हणताना ऐकलं असावं. पण ती माझ्यावर नाही, बारकूवर चिडली. तो जेवून येताच तिनं त्याला झाडलं.

‘भावजी, तुमी त्यांच्यावानी बोलू नका. रोज ऐकती मी. काळजाचं पानी व्हतं माझ्या.’

‘वयनी, आईची आन, मी न्हाई बोलत.’

‘मग कोन बोलतंय?’

बारकूनं माझ्याकडं पाहिलं. मी इंजिनात कोळसा टाकायला निघून गेलो. त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा रागही आला.

४

मी राहायचो तळेगावात. रोज सकाळी तिथून आंबीला पायी. घरातून निघताना मी येतो म्हणेनासा झालो. उंबऱ्यावर यायचो, शब्द ओठांवर यायचा आणि तिथंच अडायचा. जैतुनबी, माझी बायको, दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं वाट अडवली.

‘तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? माणूस घरातून जाताना दोन शब्द बोलतो की नाही?’

‘काम आहे डोक्यात.’

‘तुमचं डोकं आणि तुमचं काम! रात्री झोपेत दांडे ओढता, माझी चादर फाडलीत.’

मी हसलो आणि निघालो. पण संध्याकाळी घरी आल्यावर जे झालं ते सांगायला हवं. मी ओसरीवर बसलो होतो. चहा हवा होता. मी आत हाक दिली, ‘जैतुन!’

आतून आवाज आला, ‘येतेऽ.’

ती लगेच आली नाही, आणि ती लगेच येणार नाही हे मला तो शब्द ऐकताच कळलं होतं. तिचे हात पिठात आहेत हे मला न बघता कळलं होतं. निघणारा माणूस येतो म्हणतो तेव्हा शब्द आखूड असतो, शेवटी खाली पडतो. हातातलं काम न सोडता म्हणतो तेव्हा तो लांबतो, आणि त्याच्यामागं जरा थांबा असं न बोलता बोललेलं असतं. लहान पोरालाही हा फरक कळतो. साहेबाला नसेल कळला, त्याची भाषाच वेगळी. आणि आखूड होता की लांब होता, हे त्यानं मला विचारलंही नव्हतं.

यंत्रावर रोज ऐकू येणारा येतो लांब होता.

पण नवशा त्या दिवशी म्हणाला तो आखूड होता. मी आखूडच ऐकला होता. जैतुनबी हात पुसत चहा घेऊन आली तेव्हा मी स्वतःशी हेच पुन्हा पुन्हा म्हणत होतो, आणि चहा कधी प्यायलो ते मला समजलं नाही.

५

फाल्गुन लागला. माळावरचं गवत पिवळं पडलं, दुपारी वारा पडायचा आणि यंत्र थांबलं की एवढी शांतता व्हायची की बॉयलरमधलं पाणी उकळताना ऐकू यायचं.

अशाच एका दुपारी मी विचारलं, ‘बाहेर?’

‘भायेर!’

पत्र्यावर दोन ठोके पडले. माझ्या हातभर अंतरावर पत्रा थरथरला, चुन्याची एक खपली सुटून माझ्या बुटावर पडली. मी दांडा धरला. थोडासा ओढलाही, कारण वाफेची पहिली फुस् ऐकू आली.

मला कशानं थांबवलं ते मी सांगू शकत नाही. कदाचित ठोके फार शांतपणे पडले होते. बारकू दगड आपटायचा तो चिडल्यासारखा आपटायचा. मी दांडा सोडला आणि धावत पत्र्याला वळसा घातला.

बारकू तोंडाशी पालथा पडून, खांद्यापर्यंत हात पाइपात घालून खपल्या काढत होता. पहार त्याच्या मानेच्या बरोबर वर. पत्र्यापाशी कुणी नव्हतं. ठोके मारायचा दगड जमिनीवर पडला होता.

‘बारकू!’

त्यानं मान वळवली. ‘थांबा की वाईच. हाक दिली का तुमी? ऐकू आली न्हाई.’

मी त्याचे पाय धरून त्याला फरफटत बाहेर काढलं. तो माझ्यावर ओरडला, मीही ओरडलो. मग मी त्याला काय झालं ते सांगितलं. त्यानं दोन बिड्या पेटवल्या आणि एक माझ्या हातात दिली.

महिपतीला सांगून उपयोग झाला नाही. तो म्हणाला, ‘दस्तगीर, तुला ऊन लागलंय. पत्रा तापला की टकटक वाजतोच.’

‘आणि भायेर असंही म्हणतो का तापलेला पत्रा?’

‘तूच पद्धत पाळ म्हणजे झालं.’

‘पत्रा काढून टाक. मला डोळ्यांनी बघू दे.’

‘खपली डोळ्यात गेली तर जबाबदार कोण? तू लिहून देतोस का?’

पत्रा तसाच राहिला. मग मी माझ्यापुरती सोय केली. कोळशाच्या कोठीची साखळी आणि कुलूप आणलं. बारकू तोंडाशी निघाला की दांडा साखळीनं इंजिनाला बांधायचा, कुलूप लावायचं आणि किल्ली माझ्या खिशात. तो स्वतः माझ्यासमोर येऊन उभा राहिल्याशिवाय किल्ली बाहेर काढायची नाही. हाक नको, ठोके नकोत. बारकू हसून म्हणाला, ‘बैलावानी दावं लावलं की यंत्राला.’ पण त्याला ते आवडलं होतं. मलाही सहा-सात दिवस शांत झोप लागली.

६

त्या दिवशी दोर अडकला. पहार तोंडाच्या वर हातभर लोंबत होती आणि दोराचा एक पेड सुटून तिवईच्या खालच्या कप्पीत गुंतला होता. एकट्याचं काम नव्हतं. खरं तर वाफ पूर्ण उतरवायला हवी होती. पण वाफ उतरवून पुन्हा चढवायची म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि महिपतीनं सकाळीच दोनदा घड्याळ दाखवलं होतं. तो आता जेवायला गावात गेला होता. गंगी नदीवर होती. माळावर आम्ही दोघंच.

मी दांड्याला साखळी घातली. कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि पत्र्यापलीकडं गेलो.

बारकू गुडघ्यांवर बसून खालून पेड सोडवत होता, मी वाकून वरून धरला होता. आमची डोकी जवळजवळ एकमेकांना लागलेली. ऊन डोक्यावर होतं. दोराला तेलाचा आणि ओल्या मातीचा वास येत होता. बारकू दातांनी पेड ओढत काहीतरी पुटपुटत होता.

पत्र्याआडून हाक आली.

‘झालं का रे नवशा?’

बारकू थांबला. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड बंद आहे हे त्याला दिसत होतं, आणि आवाज माझा होता. मला स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकायला मिळाला नव्हता. तरी तो मी ओळखला. घाईत असलेल्या, चिडलेल्या माणसाचा आवाज होता तो. मागं इंजिनाची जादा वाफ फुसफुसत वाया जात होती.

बारकूचे ओठ उघडले. सवयीनं. हाक आली की उत्तर द्यायचं, एवढंच त्याच्या मनात असणार. मी झडप घालून त्याच्या तोंडावर हात दाबला. त्याचे डोळे मोठे झाले. मी मानेनं नाही नाही म्हणत राहिलो. उत्तर गेलं नाही तर दांडा हलणार नाही, असं मला वाटलं. बाकी काहीही त्या वेळी सुचलं नाही.

‘झालं का रे?’ पुन्हा. आता जास्त चिडून.

माझ्या हाताखाली बारकूचा श्वास गरम लागत होता. किल्ली खिशात माझ्या मांडीला टोचत होती. कुलूप मी दोनदा ओढून पाहिलं होतं. तिथं कुणी असलं तरी दांडा हलू शकत नव्हता.

मग आमच्या गुडघ्यांपाशी, त्या नऊ इंचांच्या तोंडातून, कुणीतरी शांतपणे म्हणालं,

‘येतोऽ.’

लांब. हातातलं काम न सोडता म्हटलेला. जरा थांबा, असं त्यात स्वच्छ होतं. तो ऐकून कुठलाही माणूस थांबला असता.

पत्र्यामागचा माणूस थांबला. एक श्वास. दोन श्वास. मला ठाऊक होतं तो काय करतोय. तो वाफेच्या काट्याकडं बघतोय. मिस्त्री मघाशी उशिरावरून काय बोलला ते त्याच्या डोक्यात घोळतंय. त्याला शब्द कळलाय, आणि तो मनात म्हणतोय की येतो म्हणाला ना, मग झालं, होईल बाजूला.

पत्रा आणि खांब यांच्यात चार बोटांची फट होती. तिच्यातून मला एक कोपर दिसलं. निळी बाही, कोपरावर तपकिरी कापडाचं ठिगळ. ते ठिगळ जैतुनबीनं दिवाळीत लावलं होतं. तोच कोट त्या वेळी माझ्या अंगात होता. कोपर मागं गेलं, दांडा ओढताना जातं तसं.

मी बारकूला दोन्ही हातांनी ढकललं आणि त्याच्यावरच पडलो. तुळई करकरली. पहार आमच्या पायांपाशी खाली गेली, वर आली, पुन्हा गेली. चिखल उडून आमच्या तोंडावर बसला. धप् धप् धप्. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि मोठमोठ्यानं रडत होतो.

७

यंत्र किती वेळ चाललं ते सांगता येणार नाही. गावातून महिपती धावत आला, त्यानं बॉयलरखालचा जाळ बाहेर ओढून वाफ सोडून दिली, तेव्हा ते थांबलं. त्यानं साखळी तपासली. साखळी जागच्या जागी होती, कुलूप लागलेलं होतं, आणि दांडा पूर्ण उघडा होता. त्यानं कुलूप हलवलं, साखळी हलवली, मग माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘साखळी ढिली बसली असणार. दांडा जुनाच आहे, वाफेच्या जोरानं सरकला.’ तेच त्यानं वहीत लिहिलं. माझ्यावर याही वेळी काही आलं नाही.

बारकू बाभळीखाली बसला होता. खांदा सोलवटला होता, बाकी धड होता. मी त्याच्यापाशी जाऊन बसलो. तो हातांवरचा वाळलेला चिखल नखानं खरवडत होता.

‘दस्तगीरभाई,’ तो म्हणाला, ‘हाक तुमच्या आवाजात व्हती.’

‘हो.’

‘आन दादा येतो म्हनला. पर त्याला जायाचं नव्हतं. त्यो कामात व्हता. मला हितं बसून कळलं.’ त्यानं मान वर केली. ‘तुमाला कळलं न्हाई व्हय तवा?’

मला नाही म्हणता आलं असतं. साहेबासमोर न बोलताच म्हणालो होतो. घोटाळा शब्दाचा होता हे बारकूनंच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, त्याला तेच ऐकायला हवं होतं.

‘कळलं होतं,’ मी म्हणालो. ‘लांब होता. मला कळलं होतं. मिस्त्री बोलला होता, वाफ वाया चालली होती. मला वाटलं, होईल बाजूला.’

बारकूनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, फांदीवरचं घोंगडं काढलं, खांद्यावर टाकलं. सोलवटलेल्या जागी ते लागलं तेव्हा त्याचा चेहरा आक्रसला. मी मदतीला हात पुढं केला, तो त्यानं बाजूला सारला.

‘वयनीला तुमी सांगनार, का मी सांगू?’

‘मी सांगतो.’

त्यानं घोंगडं सावरलं. मग म्हणाला, ‘जातो.’

माझ्या तोंडावर असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. मी काही बोलायच्या आत तो स्टेशनच्या वाटेला लागला होता. नदीकडून गंगी हंडा घेऊन चढण चढत होती. ती बाभळीपाशी पोचेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो.